पुढील तारीख

आमच्याकडे लहान मुलांचे सर्जन बुधवारी येतात.
टेबल एक, भूल देणारे डॉक्टर एक,
आणि साडेचार नंबरची नळी, असली तर.
बाकीचे दिवस मी वही सांभाळते.

वहीत डावीकडे नाव, वय, पत्ता.
उजवीकडे एक अरुंद रकाना, त्यात मी लिहिते
सर्दी. ताप. रक्त कमी. लाईट गेली.
आधारवर नाव वेगळं.
उपाशी ठेवलं नव्हतं, रिक्षात बिस्किट दिलं.
आणि त्याखाली, पुढील तारीख.

रेवण हणमंत धोत्रे, वय साडेतीन.
तुर्भ्याच्या मागे, खडी मशीनच्या चढावर.
पत्ता त्याच्या आईने सांगितला तसाच लिहिला:
तिसऱ्या क्रशरच्या पल्याड, निळी ताडपत्री.
जांघेत गाठ. अंतर्गळ.
निजला की आत जाते, रडला की वर येते.
अर्ध्या तासाचं काम, सर्जन म्हणाले,
आणि मी तारीख दिली.

पहिल्या बुधवारी खोकला.
दुसऱ्या वेळी खोकला.
तिसऱ्यांदा भूलवाल्या डॉक्टरांनी
छातीला कान देऊन बराच वेळ ऐकलं,
आत कुणी खडी फोडत असावं तसं.
'घरात विडी कोण ओढतं?'
दुर्गव्वा म्हणाली, 'घर कुठं साहेब, मशीन हाय.
दिसभर पीठ पडतंय वरनं. भाकरीवर बी पडतंय.'
मी लिहिलं: सर्दी.
रकाना तेवढाच रुंद आहे.

त्या दिवशी लक्षात आलं,
या पोराला रडू दिलेलंच नाही कधी.
सुई टोचली तरी ओठ मिटून आईकडे बघायचा.
ओठ जरा थरथरला की तिची बांगडी खुळखुळायची,
जिभेवर गुळाचा खडा यायचा,
उपाशी ठेवायच्या दिवशी नुसतं बोट.
साडेतीन वर्षांत एक हुंदका
तिने त्याला पुरा करू दिला नव्हता.
रडला की गाठ येते, आली की कधी दगड होते,
आणि दगड झाली रात्री, तर त्या चढावर
रिक्षा येत नाही.
हिशेब तिचा चुकत नव्हता.

मग मी वहीत न बसणारं एक काम केलं.
दिवाळ्याला माझी मावशी राहते, खाडीच्या तोंडाशी.
म्हटलं, पंधरा दिवस यांना ठेव, पोराची छाती धुळीतून सुटू दे.
'माझा घर काय धरमशाळा हाय का गो?'
दुसऱ्या दिवशी तिचाच फोन,
'याला बोंबील चालतान का?'
दुर्गव्वाची पंधरा दिवसांची मजुरी गेली.
ती कुठल्या योजनेत धरायची, हे मला
पिवळ्या रेशनकार्डाच्या तिन्ही झेरॉक्स चाळूनही कळलं नाही.

चौथा बुधवार. छाती मोकळी.
नळी होती. लाईट होती.
आत सत्तावीस मिनिटं.
बाहेर ती उभीच, भिंतीलाही न टेकता.

भूल उतरली तसा रेवण रडला.
आधी चुकून, दबकत,
मग असा की शेजारच्या खाटेवरची दोन पोरं उठून बसली
आणि आयाबाई ओरडल्या, 'अगं गप कर त्याला!'
दुर्गव्वाचा हात सवयीने जांघेपाशी गेला,
पट्टीवर थांबला.
काही वर आलं नाही.
हात तिथेच राहिला.
गूळ पदराच्या गाठीत होता.
तिने सोडला नाही.

उजवा रकाना मी रिकामा ठेवला.
शाई वाळायची नव्हती, तरी थोडा वेळ बसले.
मग पुढची ओळ: त्याच चढावरची, मुलगी, वय दोन.
दुसऱ्या क्रशरपाशी.
दारातून खोकला ऐकू येतोय.
फोन हातात आहे.

मावशीच्या घराला खोली एकच आहे.